उपड्या बादलीवरून

अत्तऱ्याला अत्तऱ्या का म्हणतात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो जिना उतरू लागला की तळघरात आधी त्याचा वास पोचतो आणि मागून तो. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारा माणूस, पण खिशात अत्तराची कुपी, मानेला पावडर आणि कॉलर अशी पांढरी की आमच्या चादरींनी लाजावं. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ह्यानं तर कांद्याचं दुकानच थाटलं होतं.

मी त्याच्याबद्दल सांगतेय ते कौतुक म्हणून नाही. मला त्या माणसाची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ताईंनी गोड बोलून पायाखालचं जाजम ओढलं.

आमचं धुलाईघर तळघरात आहे. वरच्या सगळ्या मजल्यांवरची घाण भिंतीतल्या पत्र्याच्या घसरगुंडीतून पिशव्या भरून खाली येते आणि धपकन पडते. एका बाजूला धुवायच्या मशीनी, तिथे भाऊ. मधे वाफेवर तापणारा इस्त्रीचा मोठा रूळ, तिथे मी. ओलसर चादर एका बाजूनं घालायची, ती दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर. घड्या घालून कपडे वर पोचवायचे हे अत्तऱ्याचं काम. आणि काकू फाटलेलं शिवायच्या, बटणं लावायच्या. आमच्यात सगळ्यात जुन्या त्याच. गुडघे गेलेले, म्हणून त्या कायम एका उपड्या बादलीवर बसायच्या. खुर्ची दिली तर नको म्हणायच्या. खुर्चीतून उठता येत नाही म्हणे, बादलीवरून येतं. आता ह्याला काय म्हणावं!

पिशव्या दोन रंगांच्या. पांढऱ्यांचं काही नाही, उघडायच्या आणि मशीनमध्ये टाकायच्या. लाल पिशव्या म्हणजे वरच्या मजल्यावरचा तो बंद वॉर्ड, जिथे चिघळलेल्या जखमांचे, पोट वाहणारे, ज्यांचं इतरांना लागेल असे रोगी असतात. त्या पिशव्या हातानं निवडाव्या लागतात. धान्य निवडतात तसं, कपडा न् कपडा झटकून. कारण चादरीत काय गुंडाळून येईल त्याचा नेम नाही. सुया येतात, चमचे येतात, औषधाच्या बाटल्या येतात. एकदा अख्खी कवळी आली होती, खालची-वरची, हसत. असलं काही मशीनमध्ये गेलं की मशीन बसते आणि मुकादम आमच्या नावानं शंख करतो. त्यासाठी कोपऱ्यात एक खोली आहे, निवडीची. हातमोजे, तोंडाला फडकं, पायात रबरी बूट. तिथला वास मी सांगत बसत नाही. ज्यानं घेतला त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही घेतला त्याचं जेवण मी कशाला बिघडवू.

ही निवड कुणी करायची यावरून पूर्वी रोज भांडणं व्हायची. मुकादम ज्याच्यावर चिडेल त्याच्या गळ्यात ती पडायची. मग एकदा कुठल्याशा पेशंटच्या सदऱ्याच्या खिशात पत्त्यांचा जोड सापडला. पांढऱ्या पिशवीतला, चांगला कोरडा. परत मागायला कुणी आलं नाही. भाऊ म्हणाले, ‘‘ह्याच्यावरच ठरवू की.’’ तेव्हापासून दर सोमवारी सकाळी घडीच्या टेबलाभोवती आम्ही सगळे जमायचो, मुकादम पत्ते पिसून एकेक वाटायचा, आणि ज्याचा पत्ता सगळ्यात लहान त्याची आठवडाभर निवड. ना वशिला, ना रडारड. वर्षानुवर्षं हे चाललं. नशिबाशी कोण भांडणार?

अत्तऱ्या नवीन आला तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याला तिर्री आली. आत गेला, पहिली पिशवी उघडली आणि तिथेच ओकला. ओकला तो ओकला, स्वतःच्या ओकारीवर परत ओकला. आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, मी तर पोट धरून हसले. पहिल्यांदा सगळ्यांचं तेच होतं, माझंही झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. उरलेला आठवडा त्याची निवड काकूंनी केली. वर म्हणाल्या, ‘‘पोर नाजूक आहे, होईल सवय.’’

सवय त्यानं केली, पण भलत्याच गोष्टीची.

जेवणाच्या सुट्टीत तो खळीच्या डब्याला मोबाइल टेकवून व्हिडिओ बघायला लागला. मला आधी वाटलं गाणी बघतोय. डोकावले तर पत्ते. शिकवणाऱ्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, हिरव्या टेबलावर नुसते त्याचे हात, जाड बोटं, त्यांत अंगठ्या. एकदा सावकाश करून दाखवायचा, एकदा वेगात. सावकाश बघूनसुद्धा मला काही कळायचं नाही. आमचाच जोड घेऊन अत्तऱ्या स्वच्छ कपड्यांच्या खोलीत जायचा आणि हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहायचा. पत्ते घसरायचे, भिजायचे. मग तो बोटांना पावडर चोळायचा. त्याची बोटंही तशीच, एक भेग नाही, एक डाग नाही, नखं कातरलेली. आमच्यापैकी कुणाचा हात असा नव्हता.

काही दिवसांनी आम्हाला बोलावून त्यानं हात दाखवला. भाऊंना म्हणाला, ‘‘एक पत्ता मनात धरा, भाऊ.’’ भाऊंनी बदामाची राणी बघून परत जोडात घातली. ह्यानं झरझर पत्ते पिसले, पंख्यासारखे पसरले, मिटले, आणि राणी भाऊंच्या डब्याच्या झाकणाखालून काढली. आम्ही सगळे थक्क. मुकादम म्हणाला, ‘‘अरे, तू इथे काय करतोस? स्टेजवर जा!’’ मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आता आठवल्या की माझेच तळहात मला खरवडून काढावेसे वाटतात.

पुढच्या सोमवारी मुकादमानं कौतुकानं जोड त्याच्याच हातात दिला. ‘‘तूच पिस रे, बघायला बरं वाटतं.’’ चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि दिल्या आम्हीच, हसत हसत.

तेव्हापासून काकूंचं नशीब फिरलं. दुर्री आली की काकूंना, तिर्री आली की काकूंना. मधूनच एखादा आठवडा भाऊंना, एकदा मलाही. अत्तऱ्याला नेहमी राजा, नाहीतर गुलाम, फार तर दश्शी. आम्ही म्हणायचो, काकू, तुमच्या राशीला काय बसलंय! काकू नुसत्या ‘‘हं’’ म्हणायच्या आणि बादलीवर हात टेकून उठायच्या.

त्यांचे हात तोपर्यंत वाईट झाले होते. निवडीनंतर सगळं जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवावं लागतं. हातमोज्यात ते पाणी जातंच. आधी कातडी पांढरी पडली, मग सालं निघाली, मग सांध्यांवर भेगा पडून लाल मांस दिसायला लागलं. सुईत दोरा ओवताना रक्त चादरीला लागायचं, की ती चादर पुन्हा धुवायला. वरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पाण्यात आणि औषधात हात घालू नका. पण हे मुकादमाला कळलं असतं तर ‘काम झेपत नाही’ म्हणून त्यानं काकूंना घरी बसवलं असतं, आणि घरी त्यांना बसवून खाऊ घालणारं कुणी नव्हतं. म्हणून त्या हात पदराखाली धरून बसायच्या. मी आणि भाऊ मूग गिळून गप्प. सोमवार आला की मी मनात घोकायचे, ह्या वेळी तरी त्यांना मोठा पत्ता येऊ दे.

अशातच अत्तऱ्याची आई आजारी पडली. पायाची जखम चिघळली आणि तिला त्या बंद वॉर्डातच ठेवलं. त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, नाही म्हणत नाही मी. पण वर भेटायला जायचं म्हटलं की ‘‘मला त्या वॉर्डातला वास सहन होत नाही हो, ताई.’’ दारातून डबा द्यायचा आणि जिना धरायचा. आईच्या उशाशी जाऊन कोण बसायचं? काकू. जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत.

त्या सोमवारीही त्या वरच गेल्या होत्या. माझा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता. घडीच्या टेबलापाशी उभं राहवेना म्हणून मी काकूंच्या बादलीवर बसले. अत्तऱ्या म्हणाला, ‘‘काकूंचा पत्ता काढून ठेवतो, येतीलच त्या.’’ आणि वाटायला लागला. मुकादमाला एक, भाऊंना एक. मुकादमाला उगाच, गंमत म्हणून. मग मला. मग काकूंचा.

आणि मला दिसलं.

उभ्या माणसाला नसतं दिसलं. हिरव्या टेबलासमोरच्या कॅमेऱ्याला दिसलं नव्हतं, बेसिनवरच्या आरशालाही नाही. त्याचा हात होता माझ्या डोळ्यांच्या वर, आणि मी खालून बघत होते. वरचा पत्ता त्यानं अंगठ्यानं नुसता हलवला. सरकला तो खालचा. दोन बोटांनी गोगलगायीसारखा बाहेर काढला आणि काकूंच्या जागेवर ठेवला. चौकटची दुर्री. मी तर तिचं तोंडही टेबलावर पडण्याआधी वाचलं. त्या व्हिडिओत कुणी बादलीवर बसलेलं नव्हतं, म्हणून ह्या शहाण्याला ते कधी सुचलंच नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. लाल पिशवीतल्या घाणीनं मला कधी एवढी शिसारी आली नव्हती. ती घाण आजारी माणसाची असते, त्याला काही इलाज नसतो. ही घाण पावडर लावून, आरशात बघून शिकलेली होती. आणि निवडलं कुणाला? मला सारखी दुर्री दिली असती तर मी इमारत डोक्यावर घेतली असती. भाऊंनी कानाखाली दिली असती. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, दुसरं काय.

मी तोंड उघडणार तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काकू जिना उतरून आल्या होत्या. त्यांनी पत्ता उलटा केला, बघितला, ‘‘हं’’ म्हणाल्या आणि निवडीच्या खोलीकडे चालू लागल्या. त्यांच्या बोटांचा लाल ठसा त्या दुर्रीवर राहिला.

मी लंगडत मागे गेले. दार लावून घेतलं.

‘‘काकू, तो फसवतोय तुम्हाला. खालून काढतोय पत्ता.’’

‘‘ठाऊक आहे,’’ त्या बूट चढवत म्हणाल्या.

‘‘ठाऊक आहे? कधीपासून?’’

‘‘पहिल्या सोमवारपासून. बादलीवर बसलं की सगळं दिसतं. तुम्ही उभ्यानं बघता.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोलणार होते. शिव्याही ठरवून ठेवल्या होत्या, चांगल्या चार.’’ त्यांनी पिशवीची गाठ सोडली. ‘‘म्हटलं एकदा मुकादम बऱ्या मूडमध्ये असू दे. तर तेवढ्यात त्याची आई वर आली. मग राहूच दिलं. ह्या पिशव्यांत आता तिचं पण असतं गं. आपल्या आईचं असलं लेकानं कशाला बघायचं? तिलाही लाज वाटते. परवा रडत होती, म्हणाली, खाली माझा मुलगा असतो, त्याच्या हातात तर नाही ना जात?’’

मला काकूंचाही राग आला. असला चांगुलपणा काय कामाचा, जो स्वतःची कातडी सोलून दुसऱ्याला पांघरूण घालतो? मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘पाय दुखतोय ना तुझा? जा, बस जा.’’

पिशवीतून चादर निघाली, गाऊन निघाला आणि त्यांच्यात बोळा होऊन एक शाल. वांगी रंगाची, लोकरीची. ती आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. अत्तऱ्यानं पहिल्या पगारात आईला घेतली तेव्हा खाली आणून आम्हाला दाखवली होती, हात लावू न देता. आता ती पार भरलेली होती. कशानं ते विचारू नका.

काकूंनी ती मशीनमध्ये टाकली नाही. टबात कोमट पाणी घेतलं, हातमोजे काढून ठेवले, कारण मोज्यांनी लोकर ओढली जाते म्हणे, आणि उघड्या हातांनी ती शाल धुतली. पाणी बदललं, पुन्हा धुतली. भेगांत साबण जात होता तेव्हा त्या दातांतून श्वास ओढत होत्या, तो आवाज मला रुळाच्या घरघरीतही ऐकू येत होता. मग टॉवेलात गुंडाळून दाबली आणि रुळाजवळच्या उबेत पसरली. दुपारपर्यंत वाळली. अशी मऊ झाली होती की नवी वाटावी.

‘‘घे रे,’’ काकूंनी ती अत्तऱ्यापुढे धरली. ‘‘आईची आहे. वर नेऊन दे, थंडी वाजते तिला.’’

तो एक पाऊल मागे सरला. मी बघत होते. एक पाऊल मागे! मग दोन बोटांनी, उंदराची शेपटी धरावी तशी त्यानं ती धरली.

‘‘मशीनला का नाही टाकली? जंतू राहिले असतील तर?’’

‘‘मशीनमध्ये आटली असती. लोकर आहे ना.’’

त्याची नजर काकूंच्या हातांवर गेली. तिथल्या सालांवर, ओल्या भेगांवर. त्याचं नाक आक्रसलं. ‘‘ह्याच हातांनी धुतलीत?’’ असं म्हणून त्यानं खिशातून कुपी काढली आणि शालीवर अत्तर शिंपडलं. ह्या टोकाला, त्या टोकाला, उलटी करून पुन्हा. शाल टेबलावर ठेवली आणि स्वतःचे हात धुवायला बेसिनकडे निघाला.

मी रूळ बंद केला. एवढी शांतता आमच्या तळघरात सहसा होत नाही.

‘‘इकडे ये. बस ह्या बादलीवर.’’

‘‘काय झालं, ताई?’’

‘‘बस म्हणते ना!’’

माझा आवाज ऐकून तो बसला. मी जोड घेतला. मला कुठे हातचलाखी येते! पण मी पत्ते त्याच्या डोळ्यांच्या वर धरले, जसा तो धरायचा, आणि खालचा पत्ता दोन बोटांनी सावकाश, त्या व्हिडिओवाल्यासारखा सावकाश, बाहेर ओढला.

‘‘दिसलं?’’

त्याचा चेहरा पांढरा पडला. भाऊ मशीनकडून पुढे आले. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

‘‘काकूंना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं,’’ मी म्हटलं. ‘‘आणि त्या गप्प का बसल्या ठाऊक आहे? तुझ्या आईचं तुला काढावं लागू नये म्हणून.’’

माफी मागेल असं वाटलं होतं मला. इतकी वर्षं माणसं बघून मी अजून तशीच भाबडी. सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! तो हसल्यासारखं करून म्हणाला, ‘‘गंमत होती हो, ताई. पत्त्यांत चालतंच की.’’

भाऊंनी पत्त्यांचा सगळा जोड उकळत्या खळीच्या टाकीत टाकला. मग त्याच्या कॉलरला धरून त्याला उठवलं, निवडीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरच उभे राहिले. काकू चिडल्या, पण कुणावर? माझ्यावर. ‘‘तुला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?’’

मी टेबलावरची शाल उचलली आणि वर निघाले. पाय ठणकत होता, पण पायरीपायरीवर माझं भाषण तयार होत होतं. म्हातारीला सगळं सांगायचं. तुझा लेक काय आहे, त्यानं कुणाचे हात सोलले, तुझी शाल कशी धरली, सगळं. आईला कळल्याशिवाय ह्याला लाज वाटायची नाही.

वॉर्डात ती खाटेवर टेकून बसली होती. एवढीशी झालेली, पायाला हे मोठं बँडेज. मी काही बोलायच्या आत तिनं शाल ओढून घेतली आणि नाकाला लावली.

‘‘त्यानं धुतली!’’ ती म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला. ‘‘त्याच्या अत्तराचा वास आहे हा. आणि हातानं धुतलीय बघा. मशीनमध्ये टाकली असती तर आटली असती.’’ मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळली. ‘‘तुम्ही म्हणत होता ना, मुलगा खाली असून आत येत नाही? अहो, त्याला बघवत नाही माझं. पण हे बघा. स्वतःच्या हातानं धुतली.’’ आणि माझ्याकडे बघून, ‘‘हो ना हो, ताई?’’

शेजारची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हातारीही बघत होती, शाल गालाशी धरून.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘त्यानंच धुतली.’’

जिना उतरताना माझ्या तोंडात कडू पाणी येत होतं. ज्या माणसाचा मला तिटकारा, त्याच्या नावावर काकूंचे हात मी माझ्या तोंडानं करून आले होते. माझ्या बोटांना त्याचं अत्तर लागलं होतं, ते साडीला पुसलं तरी जाईना.

खाली निवडीच्या खोलीचं दार उघडं होतं. अत्तऱ्या भिंतीकडे तोंड करून ओकत होता. काकू बूट चढवून त्याच्या पिशवीत वाकल्या होत्या. ‘‘त्याला सुया ओळखता येत नाहीत, टोचून घेईल,’’ त्या भाऊंना सांगत होत्या. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि बादलीवर बसवलं.

‘‘आवडली का तिला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, लेकानं धुतली,’’ मी आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ‘‘स्वतःच्या हातानं. वॉर्डभर सांगतेय.’’

काकू हसल्या. अगदी मनापासून, दात दिसतील अशा. ‘‘मग झालं तर,’’ म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

आतलं ओकणं थांबलं. मी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. तो बाहेर आला नाही. मग चादर झटकल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मी रूळ सुरू केला.